चार अक्षरं, सहा उच्चार

मैत्रिणींनो, मुलांचा इंग्रजीचा अभ्यास घेताना तुमचीही कधी फजिती झाली असेल. माझी परवाच झाली. पाककृतीच्या पुस्तकातला एक शब्द मी ‘डफ’ असा वाचला, तशी चौथीतली लेक खुदकन हसली. “डफ नाही गं आई, डो! डो म्हणजे मळलेलं पीठ!” रोज कणीक मळणाऱ्या बाईला हे ऐकावं लागलं!

पण दोष माझा एकटीचा नाही हं. ओ, यू, जी, एच ही चार अक्षरंच मोठी फसवी. त्यांच्याआधी टी आला की ‘टफ’, म्हणजे चिवट. सी आला की ‘कॉफ’, म्हणजे खोकला. डी आला की ‘डो’. टी-एच-आर आले की ‘थ्रू’, म्हणजे आरपार. बी आला की ‘बाउ’, म्हणजे झाडाची फांदी. आणि तिलाच शेवटी टी जोडला की ‘बॉट’, म्हणजे विकत घेतलं!

असं का? पूर्वी या जी-एचचा उच्चार घशातून, आपल्या ‘ख’च्या जवळपास होत असे. विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली इंग्लंडमध्ये छापखाना काढला आणि पुढे हळूहळू स्पेलिंगं ठरून गेली. उच्चार मात्र बदलत राहिला. कुठे गळला, कुठे ‘फ’ झाला. अक्षरं तेवढी जागच्या जागी राहिली.

तेव्हा नियम शोधत बसू नका. हे शब्द अर्थासकट कागदावर लिहून ओट्याजवळ लावा, येता-जाता मोठ्यानं वाचा. चुकलात तर लाजू नका. “मलाही शिकव” असं लेकरालाच म्हणा. शिकवता शिकवता त्याचाही अभ्यास पक्का होतो!