चावणाऱ्या सशाची बाजू

ससा चावायला लागला म्हणजे तो बिघडला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मानगूट धरून उचला, नाकावर टिचकी मारा, उताणा पाडून दाबून ठेवा, आणि तरीही वठणीवर आला नाही तर तपोवनात सोडून द्या, तिथे गवताला तोटा नाही. प्राण्यांतले जाणकार म्हणवणारे एक गृहस्थ पंचवटीत हा सल्ला छातीठोकपणे देत असतात. लोक तो ऐकतात आणि तसंच वागतात, म्हणून त्याचा समाचार घेणं भाग आहे.

मुळात ‘बिघडला’ हेच खोटं. दुकानातून येतं ते जेमतेम दीड-दोन महिन्यांचं पिल्लू. साडेतीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ते वयात येतं आणि तक्रारी नेमक्या तेव्हाच सुरू होतात. नर पायांभोवती घिरट्या घालतो, गुरगुरतो, मुताचे फवारे उडवतो. मादी कधीकधी नर जवळ नसतानाही गाभण असल्यासारखी वागते, छातीचे केस उपटून घरटं करते आणि दोन-अडीच आठवडे कुणालाही जवळ फिरकू देत नाही. घरातला पांढरा ससा मूळचा युरोपातल्या, बिळं खणून टोळीनं राहणाऱ्या जातीचा. हद्द राखणं त्याच्या रक्तातच आहे. वयात आल्याची ही लक्षणं आहेत. त्यांना दुष्टपणा म्हणणाऱ्यानं प्राणी पाळायचाच कशाला?

आता त्या टिचकीकडे येऊ, कारण सगळं नुकसान तिथून सुरू होतं. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. वरचं, मागचं त्याला छान दिसतं, पण अगदी नाकासमोरचा भाग दिसत नाही. त्यामुळे नाकाशी नेलेलं बोट त्याच्या नजरेतून नाहीसं होतं आणि एकदम मिशांना लागतं. वरून आलेला हात तर त्याला घारीचा पंजाच वाटतो. पिंजऱ्यात हात शिरतो तेव्हा नीट पाहावं. कान मागे जाऊन पाठीला चिकटतात, अंग आखडतं, घशातून आखूड गुरगुर येते, मग पुढचे दोन्ही पाय एकदम हातावर आपटतात. इतक्या सूचना देऊनही हात मागे गेला नाही, तरच दात लागतात. अशा जनावराला टिचकी मारली की हात दुखवतो ही त्याची समजूत पक्की होते, आणि पुढच्या खेपेला ते गुरगुरण्यात वेळ न घालवता थेट चावतं. मानगूट धरून उचलणं याहून घातक. मागचे पाय दणकट आणि हाडं हलकी, त्यामुळे अधांतरी झाडलेल्या एका लाथेनं त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. उताणा पाडलेला ससा निपचित पडतो ती शांतता नव्हे. शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेल्या जनावराचं ते भीतीनं थिजणं आहे. मारल्याशिवाय वळण लागत नाही हा युक्तिवाद शाळेतल्या छडीसाठीही वर्षानुवर्षं झाला. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानं छडीला मनाई केली, तरी तो युक्तिवाद अजून जिवंत आहे आणि आता सशावर उतरला आहे.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. कायम कोंडून ठेवलं तर हद्दीचा हट्ट वाढतोच. सोबत म्हणून दुसरा नर आणून सोडला तर दोघं एकमेकांना फाडतात. तपोवनात सोडणं म्हणजे त्याला कुत्र्या-मुंगसांच्या तोंडी देणं. उपासमार होईल अशा रीतीनं प्राणी टाकून देणं हा 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. रानात ससे राहतातच की, असं कुणी म्हणेल. पण आपल्याकडचा रानससा निराळ्या जातीचा, मातकट रंगाचा, जन्मापासून तिथलाच.

मग करायचं काय? वयात आल्यावर नर असो वा मादी, नसबंदी करून घ्यावी. पुढच्या काही आठवड्यांत हद्दीची भांडणं बरीच निवळतात. हे निसर्गाविरुद्ध आहे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की नसबंदी न केलेल्या वयस्क माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग वारंवार आढळतो. डॉक्टर मात्र सशांचा अनुभव असलेलाच हवा. ससा ओकू शकत नाही, म्हणून शस्त्रक्रियेआधी त्याला कुत्र्यासारखं रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं, हे ज्याला सांगावं लागत नाही असा. पिंजरा ससा बाहेर फिरत असताना साफ करावा. जमिनीवर बसून हात बाजूनं न्यावा आणि कपाळावर ठेवावा. एरवी गरीब असलेला ससा अचानक चावू लागला तर आधी दात तपासावेत. ते आयुष्यभर वाढतात आणि टोचू लागले की खाणंही नको होतं. सुकं गवत भरपूर द्यावं, नुसत्या मार्केट यार्डातल्या फ्लॉवरच्या पानांवर भागवू नये. एवढं करायची तयारी नसेल त्यानं पिल्लू घरी आणू नये, आणि पुढे काय होणार हे दुकानदारानंही विकतानाच सांगावं.