महाडचें पाणी आणि पंढरपूरचें उपोषण

सत्याग्रह म्हटला कीं आपल्या घरांतून दांडीचें मीठ आठवतें. तेथें अन्याय करणारा परका होता. ती कथा मुलांना सांगतांना मान खालीं घालावी लागत नाहीं. ज्या दोन सत्याग्रहांत अन्याय करणारे आपण सवर्णच होतों, त्यांची तुलना मात्र क्वचितच कानीं येते.

पहिला १९२७ सालचा. चवदार तळें सर्वांस खुलें करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेनें १९२४ मध्येंच केला होता. म्हणजे २० मार्च रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी प्याले तें हक्काचें पाणी. त्याबद्दल त्या लोकांस लाठ्या खाव्या लागल्या, आणि मागून तळ्याची पंचगव्यानें ‘शुद्धि’ झाली. (परधर्मीयांस त्याच तळ्यावर मज्जाव नव्हता!) चवताळलेल्या आपल्या माणसांना डॉक्टरांनीं आवरलें. डिसेंबरांत हजारों लोक जमले असतां दिवाणी न्यायालयाचा मनाईहुकूम आला, तेव्हां तळ्यावर जाणेंहि त्यांनीं थांबविलें. हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ सालीं! हा संयम आम्हां सुशिक्षितांच्या लक्षांत राहिला नाहीं. राहिली ती मनुस्मृतीची होळी. आणि तो ठराव मांडणारे सहस्रबुद्धे ब्राह्मण होते, हें तर माजघरांत कोणी सांगतच नाहीं.

दुसरा सत्याग्रह साने गुरुजींचा. विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांस खुलें व्हावें म्हणून महाराष्ट्रभर हिंडून ते १ मे १९४७ रोजीं पंढरपुरास उपोषणास बसले. खुद्द गांधीजींनीं थांबण्यास सांगितलें, तरी ऐकलें नाहीं. १० मे रोजीं उपोषण सुटलें, मंदिर खुलें होण्याचें ठरलें.

दहा वर्षें आणि दहा दिवस! हा फरक कशाचा? घरांतील आई जेवली नाहीं तर कोणाच्याच घशाखालीं घांस उतरत नाहीं; ओटीबाहेरचा वाटसरू उपाशी आहे, हें मात्र पानावर बसल्यावर कोणाला आठवतें? गुरुजी आपल्यांतले, म्हणून त्यांचें उपोषण आपल्याला झोंबलें. महाडच्या लोकांनीं अन्न सोडलें असतें तर तें कोणीं पाहिलें असतें? त्यांना पाण्यांतच उतरणें भाग होतें. आंबेडकरांच्या मार्गास ‘कडवट’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं याचा विचार करावा.

आपल्या फडताळांत ‘श्यामची आई’ बहुधा असतेच. तिच्या शेजारीं महाडची हकीकत ठेवणारीं घरें मला आजवर दोनच आढळलीं.