त्रिनिदादमध्ये काळ कधीच थांबला नव्हता

क्यूबाच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या त्रिनिदाद या शहराविषयी प्रवासी जे लिहितात, त्यात एक वाक्य हमखास असते: ‘येथे काळ थांबला आहे.’ गोट्यांनी मढवलेले रस्ते, पिवळ्या-निळ्या भिंती, कौलारू छपरे, उंबरठ्यावर बसलेला एखादा वृद्ध, आणि छायाचित्राखाली हे वाक्य. ते वाटते तितके निरुपद्रवी नाही. या शहराच्या इतिहासातील सर्वांत मोठे प्रकरण त्या चार शब्दांखाली गाडले जाते. हा धागा त्या प्रकरणाविषयी आहे.

प्रथम एक खुलासा. क्रिकेटमुळे ओळखीचे झालेले त्रिनिदाद हे बेट वेगळे. येथे ज्याचा विचार चालला आहे, ते क्यूबाच्या मध्यभागातील एक तालुक्याएवढे शहर. दिएगो वेलास्केस याने १५१४ च्या सुमारास ते वसवले. क्यूबातील स्पेनच्या पहिल्या सात वसाहतींपैकी ते एक. मेक्सिकोवर चालून जाण्यापूर्वी एर्नान कोर्तेसने याच गावात थांबून माणसे आणि शिधा गोळा केला होता. त्यानंतरची जवळजवळ अडीच शतके मात्र गुरे, तंबाखू आणि चोरटा व्यापार यांवर कशीबशी निघाली. प्रवासी जी श्रीमंती पाहायला जातात, ती या काळातील नाही.

ती श्रीमंती आली दोन घटनांमुळे. १७८९ मध्ये स्पेनने क्यूबात गुलामांचा व्यापार खुला केला. १७९१ मध्ये शेजारच्या सां-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, गुलामांनी उठाव केला. तोवर साऱ्या जगात साखरेचे सर्वाधिक उत्पादन तेथे होत असे; ते कोसळले आणि भाव कडाडले. हैतीतील माणसांनी बेड्या तोडल्या, त्याची किंमत क्यूबात नव्याने उतरवल्या जाणाऱ्या माणसांनी मोजली. इतिहासाची ही गाठ फार कडू आहे.

संपूर्ण गुलामव्यापाराच्या काळात आफ्रिकेतून क्यूबात उतरवलेल्या माणसांची संख्या पावणेआठ लाखांच्या घरात जाते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे १८२० नंतर आणली गेली. १८२० हे वर्ष यासाठी महत्त्वाचे की, इंग्लंडबरोबर केलेल्या करारानुसार त्या वर्षापासून हा व्यापार स्पेनने बेकायदा ठरवला होता. म्हणजे क्यूबाच्या साखरेचे वैभव त्या काळच्या कायद्याच्या दृष्टीनेही बहुतांशी तस्करीचे वैभव होते. ‘तेव्हाची नीतिमूल्येच निराळी होती’ ही ठरावीक मखलाशी येथे करता येत नाही.

त्रिनिदादच्या ईशान्येला जे खोरे पसरले आहे, त्याला ‘व्हाये दे लोस इन्हेनियोस’ म्हणतात. मराठीत साखरमळ्यांचे खोरे म्हणता येईल. भरभराटीच्या काळात तेथे पन्नासहून अधिक इन्हेनियो चालत. आज सत्तर-पंचाहत्तर ठिकाणी त्यांचे अवशेष दिसतात. १९८८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले ते एकट्या त्रिनिदादला नव्हे, तर ‘त्रिनिदाद आणि साखरमळ्यांचे खोरे’ अशा जोडनावाला. ज्या संस्थेने ठप्पा दिला, तिलाही शहर आणि खोरे वेगळे काढता आले नाही. प्रवासी कंपन्यांना मात्र ते सहज जमते. शहराला दोन दिवस, खोऱ्याला एक सकाळ.

इन्हेनियो म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगणे फारसे कठीण नाही. ज्याने गुऱ्हाळ पाहिले आहे, त्याला चरक, काहील, चुलवण, काकवी हे सारे ठाऊक असते. त्रिनिदादच्या खोऱ्यातही हेच होते, फक्त अवाढव्य प्रमाणावर. चरकातून निघालेला रस ओळीने मांडलेल्या, आकाराने लहान लहान होत जाणाऱ्या काहिलींतून आटत पुढे सरके. मग तो शंकूच्या साच्यांत ओतून, वर ओली माती थापून, मळी गाळून काढली जाई. तोडलेला ऊस दोन-तीन दिवसांत गाळला नाही तर आंबतो. म्हणून हंगामात चरक रात्रंदिवस फिरे आणि माणसे सोळा-सोळा, अठरा-अठरा तास उभी असत. झोपेने पेंगणाऱ्या माणसाचा हात चरकात सापडला तर तो तोडण्यासाठी जवळच धारदार हत्यार ठेवलेले असे, असे कॅरिबियन साखरमळ्यांच्या वर्णनांत पुन्हा पुन्हा येते. गुऱ्हाळात ताज्या गुळाचा खडा हातावर ठेवून पाहुण्याचे स्वागत होते. इन्हेनियोतील मजुरांना पळवाट नव्हती, मजुरी नव्हती आणि हंगाम संपल्यावर परतायला स्वतःचे घरही नव्हते.

साखर या शब्दाचा प्रवासही ध्यानात घ्यावा. संस्कृत ‘शर्करा’ फारसी-अरबीतून फिरत स्पॅनिशमध्ये ‘आसुकार’ झाली आणि मराठीत ‘साखर’. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत उसाची कांडी अटलांटिकपार नेली. मराठीभाषक प्रवासी त्रिनिदादला जातो तेव्हा हा विषय आपल्या भाषेबाहेरचा आहे, असे त्याला म्हणता येत नाही.

खोऱ्यातील सर्वांत प्रसिद्ध स्थळ म्हणजे मानाका इस्नागा येथील मनोरा. शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर, उंची ४५ मीटरच्या आसपास, सात मजले. मळ्याचा मालक आलेहो इस्नागा याने तो १८१६ च्या सुमारास बांधला. मार्गदर्शक येथे एक रंजक आख्यायिका सांगतात: दोन भावांत पैज लागली, एकाने जितका उंच मनोरा बांधला, तितकीच खोल विहीर दुसऱ्याने खणली. पर्यटक हसतात, वर चढतात, हिरवेगार खोरे डोळ्यांत साठवतात. ‘बांधला’ आणि ‘खणली’ या क्रियापदांचा कर्ता कोण, हे विचारण्याची तसदी घेतली जात नाही. इस्नागा बंधूंनी एकही वीट वाहिली नव्हती.

आणि मनोऱ्यावरून ‘दृश्य’ चांगले दिसते, यात आश्चर्य ते काय? तो त्यासाठीच होता. मळ्यात वाकलेल्या माणसांवर वरून नजर राहावी आणि घंटेने त्यांचा दिवस बांधला जावा, हे त्याचे काम. पहाटे उठण्याची घंटा, कामाला लागण्याची, प्रार्थनेची, सुट्टीची. आग लागली किंवा कोणी पळाले तर धोक्याची. एस्तेबान मोन्तेहो हा एकेकाळी गुलाम असलेला, रानात पळून जाऊन राहिलेला माणूस शंभरी ओलांडल्यावर मिगेल बार्नेत या संशोधकाशी बोलला आणि त्यातून १९६६ मध्ये प्रसिद्ध पुस्तक झाले. त्याच्या आठवणींतही मळ्यावरचा दिवस घंटांनीच मोजलेला आहे. मानाका इस्नागाची ती अवजड घंटा आता खाली जमिनीवर आहे. तिच्याशेजारी उभे राहून छायाचित्रे काढतात.

वाड्याच्या मागे एक जुना चरक आहे. पर्यटकांना त्याचे दांडे ढकलून ऊस पिळता येतो आणि मग ताजा रस मिळतो, हवी असल्यास त्यात रम. जी माणसे हा दांडा ढकलत होती, त्यांच्या जागी आज पैसे देऊन, हसत, चार फेऱ्या मारल्या जातात. यात कोणाचा दुष्टावा नाही. रस विकणाऱ्याचे तर मुळीच नाही, त्याचे घर त्यावर चालते. पण ज्या सहलीच्या आखणीत हा चरक ‘गंमत’ म्हणून नोंदवला जातो, त्या आखणीची लाज वाटायला हवी.

आता शहराकडे. प्लासा मायोर या मुख्य चौकाभोवतीचे वाडे, म्हणजे आजचे रोमँटिक संग्रहालय असलेला ब्रुनेत वाडा आणि नगर-इतिहास संग्रहालय असलेला कान्तेरो वाडा, याच खोऱ्यातील पैशाने उभे राहिले वा सजले. बाहेरून आणलेला संगमरवर, काचेची झुंबरे, चिनीमाती. पर्यटक ‘अभिरुची’ म्हणून वाखाणतात ती सारी गाळलेल्या उसाची बेरीज आहे. हुस्तो हेर्मान कान्तेरो याने १८५७ मध्ये ‘लोस इन्हेनियोस’ हा देखणा ग्रंथ काढला. एदुआर्दो लाप्लान्तेची त्यातील शिळाछापे विलक्षण सुंदर आहेत: धुराडी, यंत्रे, ताडांच्या रांगा. काम करणारी माणसे ठिपक्यांएवढी. मालकाने स्वतःच्या कारखान्याचे चित्र असेच काढवून घेतले असणार. दीडशे वर्षांनंतरच्या पाहुण्याने तीच चौकट का उचलावी?

यावर एक जुना दाखला आहे आणि तो थेट त्रिनिदादशी जोडलेला आहे. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट मार्च १८०१ मध्ये या शहरात आला होता. पुढे १८२६ मध्ये क्यूबावरचा त्याचा राजकीय निबंध फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. साखर, लोकसंख्या, व्यापार यांचे काटेकोर आकडे देतानाच त्याने गुलामगिरीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि तिला मानवजातीवरील सर्वांत मोठे अरिष्ट ठरवले. १८५६ मध्ये जॉन थ्रॅशर या अमेरिकन गृहस्थाने त्याचे इंग्रजी भाषांतर न्यूयॉर्कमध्ये छापले. क्यूबा अमेरिकेला जोडावा, या मताचा हा माणूस. त्याने गुलामगिरीवरचे प्रकरण सरळ गाळून टाकले. ८६ वर्षांच्या हुम्बोल्टने वृत्तपत्रातून जाहीर निषेध केला: पुस्तकातील ज्या भागाला आपण सर्वाधिक महत्त्व देतो, तोच वगळला गेला आहे, असा त्याचा रोख होता.

थ्रॅशरने कात्री चालवली ती उघड राजकीय हेतूने. आजची प्रवासवर्णने तीच कात्री चालवतात, हेतूशिवाय, केवळ सवयीने. परिणाम एकच: आकडे राहतात, वास्तू राहतात, माणसे जातात.

काळ ‘थांबला’ असे जे दिसते, त्याचेही रहस्य फारसे गूढ नाही. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, ही म्हण त्रिनिदादच्या मळेवाल्यांना ठाऊक नव्हती. काहिलींखाली जाळण्यासाठी जंगल तोडले, जमिनीचा कस गेला, नव्या वाफेच्या यंत्रांसाठी भांडवल उरले नाही. युरोपात बीटची साखर आली. १८१९ मध्ये वसलेले शेजारचे सिएनफुएगोस अधिक चांगल्या बंदराच्या बळावर पुढे गेले. १८६८ ते १८७८ च्या स्वातंत्र्ययुद्धाने उरलेसुरले संपवले. घरे पाडून नवी बांधायला पैसाच नव्हता, म्हणून जुनी राहिली. प्रवासी जिला जतन म्हणतात, ते दिवाळे होते. गुलामगिरी मात्र दिवाळ्यानंतरही टिकली. क्यूबात ती संपली १८८६ मध्ये. मुख्य चौकातील पवित्र त्रैक्याचे चर्च पूर्ण झाले १८९२ मध्ये, म्हणजे त्यानंतर सहा वर्षांनी. ज्या चौकात काळ थांबला म्हणतात, त्यातील सर्वांत भव्य इमारत या सगळ्या कथेहून धाकटी आहे.

नंतरही काळ चालतच होता. सर्वाधिक छायाचित्रे निघणारा पिवळा घंटामनोरा सान फ्रान्सिस्को मठाचा. आत संग्रहालय आहे ते क्रांतीनंतर एस्काम्ब्राय डोंगरात झालेल्या सशस्त्र संघर्षाचे. सरकार त्याला ‘डाकूंविरुद्धचा लढा’ म्हणते. विरोधक त्याच माणसांना बंडखोर म्हणतात. नोव्हेंबर १९६१ मध्ये या परिसरात मानुएल आस्कुन्से हा सोळा वर्षांचा मुलगा आणि त्याने ज्याच्या घरी साक्षरतेचे वर्ग घेतले तो शेतकरी, दोघांना ठार केले गेले. त्या जागेचे नाव लिमोनेस कान्तेरो. कान्तेरो हे आडनाव येथे पुन्हा भेटते, आणि तो योगायोग नाही. जमिनीला मालकाचे नाव एकदा चिकटले की शतकभर सुटत नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. आज क्यूबात वीज तासन्‌तास नसते, औषधे मिळत नाहीत, शिक्षक नोकरी सोडून पर्यटकांच्या मागे धावतात. १९९७ पासून घरातील खोल्या परदेशी पाहुण्यांना भाड्याने देणे कायदेशीर झाले आणि त्रिनिदादची कितीतरी कुटुंबे त्यावर तगली. अशा वेळी पाहुण्याला इतिहासाचे ओझे देऊन त्याचा आनंद हिरावणे म्हणजे यजमानाच्या पोटावर पाय देणे नव्हे काय? नाही. खोली भाड्याने घेणारा पाहुणा खोऱ्याविषयी जाणून घेऊ लागला, तर भाडे कमी होत नाही. उलट ‘काळ थांबला आहे’ या वाक्यानेच यजमानाचा अपमान होतो: दिवाबत्तीविना बसलेले घर त्या वाक्यात शोभेची वस्तू ठरते. २००२ मध्ये क्यूबातील दीडशेवर साखर कारखान्यांपैकी जवळपास निम्मे बंद करण्याचा निर्णय झाला. साखरेवर घडलेल्या देशावर पुढे साखर आयात करण्याची वेळ आली. हे जगणाऱ्या माणसाला तो थांबलेल्या काळात राहतो असे सांगणे कोणत्या सभ्यतेत बसते?

प्लासा मायोरच्या बाजूलाच संध्याकाळी संगीत चालते, त्या ठिकाणाचे नाव ‘पालेन्के दे लोस कोन्गोस रेआलेस’. पालेन्के म्हणजे पळालेल्या गुलामांनी डोंगरात वसवलेली लपती वस्ती. लपण्याच्या जागेचे नाव भर चौकात झळकते आहे. तेथे वाजणाऱ्या ढोलांचे ताल आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी, त्यांच्या बिरादऱ्यांनी, घंटेच्या वेळापत्रकाबाहेर जपले. वाड्यांतील झुंबरांपेक्षा हा वारसा किती तरी मोठा आहे, आणि त्याचे कर्ते कोण याबद्दल कसलीही पैज लावण्याची गरज नाही.

त्रिनिदादला जाणाऱ्याने क्रम उलटा करावा. पहिल्या सकाळी खोऱ्यात, चौकात नंतर. मनोरा चढण्यापूर्वी पायथ्याच्या वस्तीतून चालत जावे. गुलामांची नोंद मालकाच्या आडनावाने होई. इस्नागा हे नाव वाड्याच्या पाटीवर आहे, तसेच ते या भागातील अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांचेही आहे.