चष्म्याऐवजी लेन्स : आधी डोळा, मग दिसणे

निकाहची तारीख ठरली की आपल्या घरांत कपडे-दागिन्यांच्या यादीत आणखी एक गोष्ट येते : मुलीचा चष्मा. मग शेजारच्या खाला सुचवतात, ‘लेन्स घाला, रंगही हवा तो मिळतो.’ चष्म्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून भाऊ दुकानात जातो आणि लेन्स घेऊन येतो. आम्ही वाचक भगिनींना सांगू इच्छितो की, घाई होते ती इथेच.

लेन्स बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर बसते. त्या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा ऑक्सिजन तो मुख्यतः थेट हवेतून घेतो. म्हणून लेन्सचा पदार्थ आणि तिची गोलाई डोळ्याला जुळली पाहिजे. शिवाय चष्मा डोळ्यापासून सुमारे 12 मिलिमीटर दूर असतो, त्यामुळे नंबर चारच्या पुढे असला की लेन्सचा नंबर वेगळा निघतो. चष्म्याची चिठ्ठी पुरत नाही. डोळे तपासून, लेन्स घालून पाहूनच निवड करावी.

साध्या नंबरासाठी सॉफ्ट लेन्स पुरते. सिलिंड्रिकल नंबर असेल तर टोरिक लेन्स विचारा. चाळिशीनंतर दूरचे आणि जवळचे दोन्ही नंबर असतील तर मल्टिफोकल मिळते. बुबुळ शंकूसारखे पुढे येण्याचा आजार, म्हणजे केराटोकोनस असेल, तर डॉक्टर बहुधा कडक लेन्स सुचवतात. ती सुरुवातीला टोचते, पण नजर स्वच्छ देते.

यानंतर प्रश्न येतो रोजच्या वापराचा. रोज नवी घालून रात्री फेकायची, पंधरा दिवसांची आणि महिन्याची असे प्रकार आहेत. महिन्याची लेन्स म्हणजे पाकीट उघडल्यापासून महिना; मध्ये चारच दिवस घातली तरी मुदत वाढत नाही. ज्या मुलीला कधीतरी समारंभातच लेन्स घालायची आहे, तिच्यासाठी रोज फेकायचीच बरी. तिला डबी नको, सोल्युशन नको. रोज घालणारीला महिन्याची लेन्स स्वस्त पडते, पण रोज चोळून धुण्याची शिस्त हवी. ती शिस्त जमणार नसेल तर स्वस्ताई महागात पडते.

आपल्या घरांत पाण्याचा विचार वेगळा करावा लागतो. नळाच्या किंवा टाकीच्या पाण्यात अकॅन्थअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सखाली अडकला तर बुबुळाला जखम होते, उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि नजरही जाऊ शकते. मग वजूचे काय? वजूत डोळ्याच्या आत पाणी पोहोचवणे आवश्यक नाही, म्हणून त्यासाठी लेन्स काढावी लागत नाही. फक्त तोंडावर पाणी घेताना पापण्या मिटाव्यात आणि चेहरा पुसूनच डोळे उघडावेत. आंघोळीआधी मात्र लेन्स काढावी. लेन्सला हात लावण्यापूर्वी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. लेन्स किंवा डबी पाण्याने धुऊ नये, थुंकी तर कधीच लावू नये. डबीतले सोल्युशन रोज नवे घ्यावे आणि डबी तीन महिन्यांनी बदलावी.

सुरम्याचे बारीक कण लेन्सखाली गेले तर बुबुळ खरचटते. लेन्स घालायच्या दिवशी सुरमा नकोच. मेकअपच्या आधी लेन्स घालावी आणि मेकअप उतरवण्याआधी काढावी. रंगीत लेन्स बिननंबराची असली तरी तपासणी तितकीच गरजेची आहे. पार्लरमधली किंवा बहिणीची वापरलेली लेन्स दुल्हनच्या डोळ्यांत घालू देऊ नका. रात्री कितीही थकवा असो, लेन्स काढूनच झोपावे.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना किंवा धूसर दिसू लागले, तर लेन्स लगेच काढा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. दुकानातून थेंब आणून वाट पाहू नका.

आणि लेन्स घेतली तरी चालू नंबराचा चष्मा घरात असलाच पाहिजे, म्हणजे डोळ्यांना विश्रांती देता येते. सासरी जाणाऱ्या मुलीच्या सामानात तो आठवणीने ठेवा. चष्मा लावणे हा काही ऐब नाही, हे दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी आधीच बोलून दाखवले, तर मुलीला दुखणारा डोळा लपवावा लागणार नाही.