आईला कर्करोग होता. इम्प्लांट बसवावे का?

स्तनाचा आकार वाढवण्याची शस्त्रक्रिया ही आता फक्त मुंबई-पुण्याची गोष्ट राहिलेली नाही. नागपुरात ती होते आणि तिच्या जाहिराती वर्धा, हिंगणघाट, आर्वीतल्या मोबाइलवरही दिसतात. जाहिरातीत खर्च, हप्ते, सुट्टी किती दिवस घ्यावी, सगळे असते. घरात कोणाला कर्करोग झाला होता का, हा प्रश्न मात्र बहुधा नसतो. ज्या बाईची आई किंवा मावशी स्तनाच्या कर्करोगाने गेली, तिच्या मनात तो असतोच. सिलिकॉनमुळे आपल्यालाही तोच आजार होईल का, असे तिला वाटते.

याचे थेट उत्तर असे की आजवरच्या मोठ्या अभ्यासांत इम्प्लांटमुळे स्तनाचा नेहमीचा कर्करोग वाढल्याचे दिसलेले नाही. आईला आजार होता म्हणून इम्प्लांटला सरसकट मनाई आहे, असेही नाही. पण विषय एवढ्यावर संपत नाही. तिचा धोका इम्प्लांटने वाढत नसला, तरी तो आधीपासूनच किती आहे हे शस्त्रक्रियेआधी कळायला हवे.

धोका कसा मोजायचा?

आई, बहीण किंवा मुलगी यांपैकी एकीला हा आजार झालेला असेल, तर धोका साधारण दुप्पट होतो. तरीही अशा बहुतेक स्त्रियांना तो कधीच होत नाही. उलट, स्तनाचा कर्करोग झालेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या घराण्यात तो आधी कोणालाच झालेला नसतो. केवळ ५ ते १० टक्के रुग्णांत त्याचे मूळ वारशाने आलेल्या जनुकीय दोषात असते. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही त्यातली सर्वांत परिचित जनुके. त्यांत दोष असेल, तर आयुष्यभरात हा आजार होण्याची शक्यता ६० ते ७० टक्क्यांच्या घरात जाते. अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

संशय कधी घ्यावा? नातेवाईक पन्नाशीच्या आत आजारी पडली असेल, दोन्ही स्तनांत रोग झाला असेल, एकाच बाजूच्या दोघी-तिघींना झाला असेल, कोणाला अंडाशयाचा कर्करोग असेल किंवा घरातल्या पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला असेल तेव्हा. इथे एक चूक नेहमी होते. बाई आई, मावशी, आजी आठवते. आत्या आणि वडिलांची आई राहून जाते. हा दोष वडिलांकडूनही तितकाच येतो आणि प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. तपासणी शक्य असल्यास आधी आजार झालेल्या नातेवाईक स्त्रीची करावी. तिच्यात दोष सापडला, तर बाकीच्यांसाठी नेमका तोच शोधता येतो.

धोका फार मोठा निघाला, तर सगळा विचारच बदलतो. अभिनेत्री अँजेलिना जोलीने मे २०१३ मध्ये जाहीर केले, की बीआरसीए-१ मधील दोषामुळे तिने रोग होण्यापूर्वीच दोन्ही स्तनांच्या ऊती काढून टाकल्या आणि नंतर इम्प्लांटने पुनर्रचना करून घेतली. अशा शस्त्रक्रियेने धोका सुमारे ९० टक्के किंवा त्याहून अधिक घटतो. म्हणजे ज्या बाईला पुढे हा निर्णय घ्यावा लागू शकतो, तिने आज केवळ आकारासाठी इम्प्लांट बसवले, तर एकाच जागी दोनदा शस्त्रक्रिया आणि दोनदा खर्च. शिवाय शुद्ध सौंदर्यशस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा देत नाही. कर्करोगानंतरची पुनर्रचना मात्र त्या अपवादातून वगळलेली आहे. जनुकीय तपासणी आधी आणि इम्प्लांट नंतर, हा क्रम म्हणूनच महत्त्वाचा.

मॅमोग्राफीत काय दिसते, काय लपते

ज्या बाईला वर्षानुवर्षे तपासणी लागणार आहे, तिच्यासाठी खरी अडचण इथे आहे. सिलिकॉन क्ष-किरणांना अडवते, त्यामुळे काही भाग मॅमोग्राफीत झाकला जातो. इम्प्लांट मागे सरकवून जादा चित्रे घ्यावी लागतात आणि त्यासाठी अनुभवी तंत्रज्ञ हवा. इम्प्लांट स्नायूच्या खाली बसवले, तर अडथळा कमी होतो. गरजेप्रमाणे सोनोग्राफी आणि एमआरआयची जोड द्यावी लागते. वर्ध्यातल्या बाईने विचारायला हवे, की पुढची वीस वर्षे ही तपासणी आपल्याला कुठे आणि कितीला मिळणार?

इम्प्लांट जन्मभराचेही नसते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनुसार, आकारासाठी इम्प्लांट बसवलेल्या पाचांपैकी एकीला ते आठ-दहा वर्षांत काढावे लागू शकते. ते फाटू शकते, भोवतीचे आवरण आक्रसून घट्ट होऊ शकते. पुढे किरणोपचाराची वेळ आली, तर हे आक्रसणे आणखी वाढते.

एक दुर्मीळ आजार वेगळा लक्षात ठेवायला हवा. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवतीच्या आवरणात लसिकापेशींचा एक कर्करोग होऊ शकतो. तो स्तनाचा कर्करोग नव्हे. जुलै २०१९ पर्यंत जगभरात त्याचे ५७३ रुग्ण आणि ३३ मृत्यू नोंदले गेले होते. त्यातल्या बहुसंख्य रुग्णांत अ‍ॅलर्गन कंपनीची इम्प्लांट होती, आणि कंपनीने आपली 'बायोसेल' इम्प्लांट जगभरातून मागे घेतली. त्रास नसताना ती काढून टाकण्याची गरज नाही. पण काही वर्षांनी स्तन अचानक सुजला, तर थांबू नये. वेळीच इम्प्लांट आवरणासह काढले, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. आपले इम्प्लांट कोणत्या कंपनीचे आणि कोणत्या पृष्ठभागाचे आहे, याचे कार्ड जपून ठेवावे ते यासाठी.

खरी उणीव कुठे आहे?

भारतात २०२२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत एकीचीही स्तनतपासणी झालेली आढळली नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रांची घोषणा झाली. त्याने किमोथेरपी गावाजवळ येईल, हे चांगलेच. पण ते रोग झाल्यानंतरचे काम. ज्या घरात एक रुग्ण सापडली, तिथल्या मुली-बहिणींना बोलावून त्यांचा धोका समजावणारे समुपदेशन हे त्याच केंद्राचे काम व्हायला हवे. त्याला मोठे यंत्र लागत नाही, प्रशिक्षित माणूस लागतो.

साध्या तपासणीचे मोल महाराष्ट्रानेच दाखवून दिले आहे. टाटा मेमोरियलने मुंबईतल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या स्त्रियांतले या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, नागपूरची कर्करोग रुग्णालये दीड-दोन तासांवर आहेत. इथे अंतरापेक्षा गप्प बसणेच जास्त नडते. गाठ दुखत नाही म्हणून अंगावर काढली जाते. माहेरचा आजार सासरी सांगितला जात नाही, कारण उद्या मुलीचे लग्न अडेल अशी भीती असते. आणि ज्या मुलीसाठी तो लपवला, तिलाच पुढे तो ठाऊक नसतो.

इम्प्लांटचा विचार करणाऱ्या बाईने म्हणून सल्ल्याला जाताना एक कागद घेऊन जावे. दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांत कोणाला, कुठला कर्करोग, कितव्या वर्षी झाला, ते त्यावर लिहावे. शस्त्रक्रियेआधी वयानुसार मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी करून घ्यावी. कागदावर संशयाची खूण दिसली, तर आधी कर्करोगतज्ज्ञाला भेटावे. हा कागद न पाहताच तारीख देणारा सर्जन तिच्यासाठी योग्य नव्हे. आणि इम्प्लांटचा विचार मागे पडला, तरी तो कागद फाडू नये; मुलीला द्यावा.