इटालियन वाईन स्वस्त होणार. पण काळी पिशवी कधी जाणार?

शनिवारची रात्र. शिफ्ट संपवून चिकलठाण्यातल्या घरी पोचलो. जेवायला कोथिंबीर वडी आणि येताना आणलेला पनीर टिक्का. मित्र इटालियन व्हाईट वाईनची बाटली घेऊन आला होता. चव आवडली, पण किंमत ऐकून घास अडकला. आणि ही महागडी बाटलीसुद्धा आली ती काळ्या पिशवीतच! किंमत आणि पिशवी, दोन्हींचं गणित समजून घेऊ.

एवढी महाग का?

आयात वाईनवर भारताचं सीमाशुल्क 150 टक्के. म्हणजे 500 रुपयांची बाटली बंदरातच 1,250 रुपयांची होते. राज्याचे कर आणि आयातदार-दुकानदारांचा नफा त्यापुढे. 27 जानेवारी 2026 रोजी भारत आणि युरोपीय संघाने मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. करार लागू झाल्यावर हे शुल्क आधी 75 टक्क्यांवर येईल. मग तीच बाटली बंदरात 875 रुपयांना पडेल. पुढे टप्प्याटप्प्याने शुल्क आणखी उतरेल, महागड्या वाईनवर 20 टक्क्यांपर्यंत.

इटली तर अकलूजपर्यंत आलीय

सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजजवळ 'फ्रातेल्ली'चे द्राक्षमळे आहेत. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ 'भाऊ'. इटलीचे सेक्की बंधू, अकलूजचे मोहिते-पाटील बंधू आणि दिल्लीचे सेखरी बंधू यांनी मिळून ही कंपनी उभी केली. वाईन घडवायला टस्कनीचे पिएरो मासी आले. त्यामुळे इटालियन हाताची चव हवी असेल, तर सीमाशुल्क न भरताही मिळते.

आपल्या जेवणासोबत जमते का?

जमते, पण सगळ्यासोबत नाही. पिनो ग्रिजो किंवा सोआवेसारख्या इटालियन व्हाईट वाईन हलक्या आणि आंबटसर असतात. तळलेल्या पदार्थावर आपण लिंबू पिळतो, तेच काम हा आंबटपणा करतो. अळूवडी, तळलेलं पापलेट, पनीर टिक्का यांच्याशी ती छान जुळते. ठेच्यासोबत मात्र नको, अल्कोहोलने तिखट आणखी झोंबतं. आपल्या नान खलियाच्या रश्श्यापुढे तर तिची चवच लागत नाही. दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा आणि जेवतानाच घ्या, जेवणाआधी नाही.

'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे खरं?

इंजिनिअरिंग केलंय, म्हणून हिशेबच मांडतो. 12.5 टक्क्यांच्या वाईनच्या 150 मिलीच्या ग्लासात सुमारे 19 मिली शुद्ध अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या 60 मिलीच्या पेगमध्ये साधारण 26 मिली. म्हणजे वाईनचे तीन ग्लास दोन मोठ्या पेगच्याही पुढे जातात. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्टच सांगितलं, अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही. 'हृदयासाठी चांगली' म्हणून कुणी ओतत असेल, तर विश्वास ठेवू नका.

मग माझं मत काय?

योगायोग बघा. 27 जानेवारी 2022 रोजीच राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मंजुरी दिली होती. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, वाद पेटला आणि निर्णय प्रत्यक्षात आलाच नाही. वादात एक बाजू म्हणाली, ही दारू नाहीच. दुसरी म्हणाली, संसार बुडतील. ग्लासात किती अल्कोहोल जातं, हे कुणीच सांगितलं नाही.

राज्यात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. वाईन-बिअरसाठी वय 21, बाकी मद्यासाठी 25. हे किती जणांना माहीत आहे? आपल्याच वाळूजमध्ये बिअर तयार होते, आणि आपणच बाटली पिशवीत लपवतो. लपवून आणलेली बाटली घाईत, रिकाम्या पोटी संपते. त्यानंतर कुणीतरी जालना रोडवर गाडी काढतो. खरा धोका तिथे आहे.

म्हणून दुकानं वाढवण्याआधी एवढं करा. बाटलीवर एका ग्लासातलं शुद्ध अल्कोहोल ठळक छापा आणि परवान्याचा नियम दुकानात मराठीत लावा. आपणही बाटली आणलीच तर ताटाशेजारी उघड ठेवू, एका ग्लासावर थांबू आणि गाडीची किल्ली आत ठेवू. जो पीत नाही, त्याला आग्रह करू नका. इटलीकडून घ्यायचीच असेल, तर जेवता जेवता सावकाश घोट घेण्याची सवय घ्या. तिला सीमाशुल्क नाही.