पिवळ्या रंगाचा मोह

हरित पट्ट्याविरुद्धची तक्रार पूर्वी बिल्डरांच्या तोंडी असे. आता ती आपल्या धर्मग्रामांतील चांगल्या शिकलेल्या घरांतून ऐकू येते. मिस्सेनंतर देवळाच्या आवारात, मयताच्या घरी, लग्नाच्या मांडवात चार माणसे जमली की विषय तोच. अमक्याची जमीन पिवळ्या पट्ट्यात गेली, त्याचे सोने झाले. आमची हिरव्यात राहिली, आमची मातीच राहिली. या म्हणण्याचा आम्हांस प्रतिवाद करावयाचा आहे. त्यात खरा भागही आहे, आणि तो आम्ही डावलणार नाही.

रंगांची ही भाषा ज्या कायद्यातून आली, तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. शहराच्या हद्दीतील प्रत्येक सर्व्हे नंबरचा उपयोग काय, हे त्या कायद्याखालील विकास आराखड्यात ठरते. रहिवासी क्षेत्र नकाशावर पिवळे, शेतीचे व मोकळे क्षेत्र हिरवे. वसई-विरार उपप्रदेशासाठी १९९० मध्ये सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. सिडकोने केलेला आराखडा २००१ ते २०२१ या वर्षांसाठी होता. त्याला शासनाची मंजुरी मिळाली २००७ मध्ये. वीस वर्षांच्या आराखड्याची पहिली सहा वर्षे मंजुरीची वाट पाहण्यात गेली. नालासोपारा मात्र त्या सहा वर्षांत कोणासाठी थांबला नव्हता. २००९ मध्ये चार नगरपरिषदा व ५३ ग्रामपंचायती एकत्र करून महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांवर भरली. ज्या गावांचे प्रश्न काल ग्रामसभेत सुटत होते, त्यांचे भवितव्य असे एका मोठ्या कार्यालयातील नकाशावर गेले.

आता एक गोष्ट आपल्या कुटुंबांनी नीट समजून घेतली पाहिजे. शेतजमिनीवर इमारत उभी राहण्याआधी पूर्वी दोन दारे ओलांडावी लागत. एक आराखड्याचे, दुसरे जिल्हाधिकाऱ्यांच्या बिनशेती परवानगीचे, ज्याला आपण एन. ए. म्हणतो. जमीन महसूल संहितेत २०१४ व २०१७ मध्ये सुधारणा झाल्या. त्यानंतर मंजूर आराखड्याच्या क्षेत्रात ही वेगळी परवानगी उरलेली नाही. आराखड्यात जो वापर दाखविला असेल त्यासाठी कर व देय रकमा भरल्या की जमीन बिनशेती मानली जाते. लोकांचे तहसील कचेरीचे हेलपाटे वाचले, हे चांगलेच झाले. परंतु आता एकच दार उरले आहे, आणि त्या दाराची किल्ली म्हणजे नकाशावरचा रंग.

ती किल्ली फिरविण्याची वाट फार शांत आहे. अधिनियमाच्या कलम ३७ प्रमाणे आराखड्याचे मूळ स्वरूप बदलणार नाही असा फेरबदल करता येतो. त्यासाठी सूचना प्रसिद्ध करून एक महिन्यात हरकती मागवाव्या लागतात. एका सर्व्हे नंबरने आराखड्याचे स्वरूप बदलत नाही, हे कागदावर दाखविणे अवघड नाही. दुसऱ्याने बदलत नाही, दहाव्यानेही नाही. कलम १२७ त्याहून शांत आहे. शाळा, बाग किंवा दवाखाना यांसाठी राखलेली जमीन दहा वर्षांत घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीपासून चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. मालकाची जमीन जन्मभर अडकून पडू नये म्हणून केलेली ही तरतूद मुळात न्याय्य आहे. पण कार्यालयाने चोवीस महिने नुसती झोप काढली, तरी मुलांचे मैदान जाते, आणि त्यासाठी कोणालाही हात वर करून मत द्यावे लागत नाही. आपल्या किती घरांत या सूचना वाचल्या जातात? वृत्तपत्रातील मयताची जाहिरात आपण न चुकता वाचतो.

हिरवा रंग हा मागासलेपणाचा शिक्का आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा आपल्या आजोबांच्या बावखलाच्या काठी उभे राहावे, ते अजून बुजविले नसेल तर. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वरचा डोंगर यांच्यामधला हा प्रदेश. किनाऱ्यालगतच्या वाळूमिश्रित जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. पावसाचे पाणी वरून मुरत राहिले तरच तो गोडा थर टिकतो. मुरणे थांबले आणि उपसा वाढला की खारे पाणी वर चढते. आपल्या पूर्वजांना हे कोणी शाळेत शिकविले नव्हते. त्यांनी वाडीच्या सखल भागात बावखल खणले, पावसाळ्यात ते तुडुंब भरू दिले, काठावर रहाट बसविला आणि त्या पाण्यावर केळी, पानवेली व फुलझाडे वाढविली. बावखलातले पाणी जमिनीत झिरपे आणि विहिरी उन्हाळा काढीत. पुढे विजेचे पंप आले, विहिरींवर टँकर भरू लागले, आणि ज्या विहिरीचे पाणी पाहुण्यास कौतुकाने दिले जाई ती मचूळ झाली. त्या टँकरांचे पैसे कोणाच्या खिशात गेले, हे आपणांस ठाऊक आहे. ते सगळेच बाहेरचे नव्हते.

बावखल बुजविले की मालकास चार गुंठे सपाट जमीन मिळते. त्यातील पाण्यास कोठे तरी जावेच लागते. ९ ते ११ जुलै २०१८ या दिवसांत ते कोठे गेले हे साऱ्यांनी पाहिले. नालासोपारा स्थानकातील रूळ बुडाले, पश्चिम रेल्वे बंद पडली, वाटेत अडकलेल्या बडोदा एक्स्प्रेसच्या प्रवाशांची आपत्ती दलाने सुटका केली, आणि मिठागरांतील वस्ती पाण्याने वेढली गेली. पाऊस विलक्षण होता, हे मान्य. परंतु डोंगराकडून येणारे पाणी ज्या सखल शेतांतून, नाल्यांतून व मिठागरांतून खाडीस मिळे, तेथे भराव पडले होते. आराखड्यातील हिरवा पट्टा म्हणजे पाण्याची ही जुनी वहिवाट. पायवाटेची वहिवाट अडविली तर आपण शेजाऱ्यास न्यायालयात खेचतो. पाण्यास मात्र वकील मिळत नाही.

आता तक्रारीतील खरा भाग. ज्याच्याकडे वीस गुंठे वाडी आहे आणि मुलगे तीन, त्याला धाकट्याचे घर कोठे बांधावे हा प्रश्न पडतो. मजूर मिळत नाही, पाणी खारावले, केळीला भाव नाही. साऱ्या शहरास मोकळी हवा व मुरणारे पाणी मिळते, आणि त्याची किंमत एकटा शेतकरी मोजतो. रस्त्यापलीकडच्या मालकास शाईच्या एका रेषेने कोट्यवधी मिळाले. त्यात त्याचे कर्तृत्व शून्य होते. हा अन्यायच आहे, आणि ‘शेती ही आपली संस्कृती आहे’ असे गोड भाषण करून तो मिटत नाही. असे भाषण करणारे बहुधा स्वतः फ्लॅटमध्ये राहतात.

पण यावर उपाय म्हणून सर्वांसच ती सोडत लागावी, ही मागणी आम्हांस मान्य नाही. उपाय दुसरे आहेत. गावठाणाच्या हद्दी वाढवून कुटुंबाच्या स्वतःच्या राहण्यासाठी घर बांधण्यास जागा द्यावी, ही मागणी न्याय्य आहे. शहरातील बांधकामांवर कायद्यानेच विकास शुल्क आकारले जाते. त्याचा निश्चित वाटा बावखले, विहिरी व वाड्या राखणाऱ्यांस दरवर्षी मिळावा, ही मागणीही न्याय्य आहे. शहरास हिरवा पट्टा हवा असेल, तर शहराने त्याचे मोल द्यावे. यासाठी मोर्चा निघाला तर आम्ही पुढे चालू. आमचा अनुभव मात्र असा, की रंग बदलण्याची गोष्ट काढणारा क्वचितच मुलाच्या घराविषयी बोलतो. त्याला सात मजले हवे असतात. मुलगा तर केव्हाच कॅनडास गेलेला असतो.

दुसरा एक युक्तिवाद आम्हांस याहूनही खटकतो, कारण तो हरित वसईचे नाव घेणारेच करतात. ‘बाहेरून आलेल्या लोकांनी वसईची वाट लावली.’ नालासोपारा पूर्वेस मलनिःसारण प्रकल्प व कचराभूमी यांसाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या होत्या. न्यायालयाच्या आदेशानुसार फेब्रुवारी २०२५ पर्यंत त्या पाडल्या गेल्या आणि दोन हजारांहून अधिक कुटुंबे रस्त्यावर आली. ती कुटुंबे वसई लुटण्यास आली नव्हती. त्यांनी पैसे मोजून घरे घेतली होती, अनेकांनी आयुष्यभराची कमाई घालून. ४१ इमारती एका रात्रीत उभ्या राहत नाहीत. त्यांना वीज मिळाली, पाणी मिळाले, घरपट्टीच्या पावत्या मिळाल्या. ज्यांनी हे दिले त्यांना नकाशावरचे आरक्षण ठाऊक असणारच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरार पूर्वेस एक अनधिकृत इमारत कोसळली आणि १७ माणसे मेली. ढिगाऱ्याखाली नगररचना विभागातील कोणीही नव्हता.

कष्टकरी माणसास परवडेल असे घर कोठे व्हावे, याचे उत्तर ज्या आराखड्यात नसते, त्या आराखड्यातील आरक्षणे अशा इमारतींखाली जातात. म्हणून हिरवा पट्टा राखण्याची मागणी आणि गरिबांच्या घरांसाठी पिवळ्या पट्ट्यात जागा राखण्याची मागणी एकाच अर्जात असली पाहिजे. पहिली करून दुसरी टाळणारा मनुष्य हिरवळीचा भक्त नसून कुंपणाचा भक्त आहे. आणि शेतजमिनीवरच्या बेकायदा चाळींना नावे ठेवण्याआधी त्या जमिनीचा जुना सातबारा उघडून पाहावा. त्यावरील आडनावे वाचून आम्हांस तरी मान खाली घालावी लागते.

धर्मगुरूने झोनच्या भानगडीत पडू नये, वेदी सांभाळावी, असेही सांगितले जाते. हे सांगणाऱ्यांची स्मरणशक्ती अधू असावी. गेल्या शतकाच्या नवव्या दशकाअखेर हरित वसई संरक्षण समितीचा लढा उभा राहिला, तेव्हा त्याच्या अग्रभागी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. त्यांच्या शोकसभांत ज्यांनी डोळे पुसले, त्यांतील काहींच्या वाडीत आज भराव पडतो आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शहररचनेचा व तीत स्थानिक रहिवाशांचे मत घेण्याचा विषय स्वतंत्रपणे हाताळला आहे. आणि बायबल वाचणाऱ्यास राजांच्या पहिल्या ग्रंथातील नाबोथाचा मळा ठाऊक असतोच. राजाने त्याला अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली होती, हे आपण विसरतो. ईजबेलनेही तलवार उपसली नाही. तिने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजमुद्रा उठविली आणि ती नाबोथाच्या नगरातील वडीलधाऱ्यांकडे पाठविली. वडीलधाऱ्यांनी एकही प्रश्न न विचारता सांगितले ते केले. आज नाबोथाच्या घरातच दोन पक्ष पडले असते आणि रोख किमतीचा पक्ष जिंकला असता.

सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा वसईतून हजारो हरकती गेल्या. लोक रांगा लावून उभे राहिले, ते दृश्य अभिमानाचे होते. पण त्यांतील बहुतेक अर्ज एकाच मजकुराचे होते, आणि अशा अर्जांस एकाच ओळीचे उत्तर देणे कार्यालयास सोपे जाते. २००७ चा आराखडा ज्या वर्षांसाठी होता ती वर्षे उलटून गेली आहेत. शहराचा आराखडा सुधारताना कायद्याप्रमाणे हरकतींसाठी मिळतात ते ३० दिवस. तेवढ्या दिवसांत प्रथमच नकाशा पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

म्हणून काम आधी करावयास हवे. आराखडा करण्यापूर्वी विद्यमान भूवापराचा नकाशा तयार करावा लागतो. त्या नकाशावर जे बावखल दिसत नाही, ते पुढे कोणत्याही सुनावणीत अस्तित्वात नसते. निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल, आगाशी, सांडोर, गिरीज, सर्व ठिकाणच्या धर्मग्राम मंडळांनी आपल्या हद्दीतील बावखले, विहिरी व नाले सर्व्हे नंबरनिशी नोंदवावेत. शिक्षकी पेशातून निवृत्त झालेली माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना हे काम सांगावे. बुजविलेल्या बावखलाचीही नोंद करावी, व ते कोणत्या वर्षी बुजविले तेही लिहावे. हा तक्ता ग्रामस्थांच्या सह्यांनिशी महापालिकेच्या नगररचना विभागात द्यावा, एक प्रत नगररचना सहसंचालकांच्या कार्यालयात द्यावी, आणि दोन्ही ठिकाणी तारखेसह शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.